सूत म्हणजे तीन

पांढुर्णा
२१ जुलै १९८८

श्रीधरराव यांस,
मुकुंदचा नमस्कार.

तुमच्या बोरगावच्या कंपनीत कॉम्प्युटर आला अन् ड्रॉइंग काढायला त्याच्यापुढे तुम्हाला बसवलं, ही बातमी मला वंदनानं दिली. तिला उषानं पत्रातून कळवली. दोघी सख्ख्या बहिणी, त्या एकमेकींना कळवतातच. पण आपण साडू, एकाच पेशातले, अन् मला खबर लागते ती बायकोकडून, भाकरी थापता थापता! वा रे वा.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नळाला पाणी आलं नाही तरी कॉम्प्युटर, पोरीला कमी मार्क पडले तरी कॉम्प्युटर. "आमच्या उषाच्या यांना थंड हवेच्या खोलीत बसवते म्हणे कंपनी." मी म्हटलं, थंड हवेत दही पण नासत नाही, त्यात काय मोठं? तं ती मला म्हणते, तुम्हाला कोणाचं बरं झालेलं पाहवतच नाही.

अभिनंदन करतो. केलंच पाहिजे. याच कापसाच्या जिनिंगच्या वर्कशॉपात माझ्या टेबलाजवळ उभं राहून तुम्ही पेन्सिलीला टोक करायला शिकले, टी-स्क्वेअर कसा धरायचा ते शिकले. हे मी कोणाला सांगत फिरत नाही. पण विसरलो पण नाही.

एक खरं खरं कळवा. ते मशीन रेघा ओढते हे समजलं. पण अक्षरं? अक्षरं पण काढते का? आमच्या शेठची पार्टी नागपूरहून आली की अजून ड्रॉइंगवरचं माझं अक्षर पाहून विचारते, हे कोणी काढलं? म्हणून विचारून राहिलो, बाकी मला काही घेणंदेणं नाही.

मुकुंद

·

सौसर
३ ऑगस्ट १९८८

आदरणीय मुकुंदभाऊ यांना
श्रीधरचा नमस्कार.

पत्र वाचलं. रागावू नका. मुद्दामच कळवलं नव्हतं. दिवाळीपर्यंत मी कच्चा आहे. तोवर काम पसंत पडलं तं कायम करतील, नाही तं रामराम. मग आधीच ढोल वाजवून काय करू? पण उषाच्या पोटात तीळ भिजत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आमच्या खोलीचं काय सांगू! चपला बाहेर काढाव्या लागतात. साहेब पण काढतात. पहिल्या दिवशी नारळ फोडला अन् कोणीतरी बटनांवर हळद-कुंकू वाहिलं, तं तीन बटनं दबेचनात. नागपूरहून माणूस बोलवावा लागला. लाइट गेली की अर्ध्या दिवसाचं काम पडद्यावरून पुसून जाते, अन् बोरगावची लाइट कशी आहे ते तुम्ही जाणताच.

तुम्ही अक्षराचं विचारलं. खरं सांगतो. पडद्यावर काढलेलं कागदावर उतरवायला एक वेगळं मशीन आहे. ते स्वतःच पेन उचलते, कागदावर टेकवते अन् लिहिते. हात थरथरत नाही, शाई फुटत नाही. तुमच्या अक्षराला जो डौल आहे तो त्याला नाही. पण शंभरावं अक्षर पहिल्यासारखंच येते, हे कबूल करावं लागते.

मोठी पंचाईत इंच अन् मिलिमीटरची. या मशीनला इंचही कळत नाही अन् मिलिमीटरही कळत नाही. त्याला फक्त आकडा कळते. कामाला बसण्याआधी आपणच ठरवायचं, आजचा एक म्हणजे एक इंच की एक मिलिमीटर, अन् शेवटपर्यंत तेच धरून चालायचं. पहिल्या आठवड्यात मी इंचातली पुली मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये टाकली. पडद्यावर राईएवढा ठिपका दिसला. मला वाटलं माशी बसली, मी रुमालानं पुसून राहिलो! साहेब मागे उभे.

आता मुद्द्याचं. तुमच्या शेठजींनी आमच्या कंपनीशी बोलणी केली. जिनिंगच्या सगळ्या जुन्या रोलरांचे शाफ्ट हंगामाच्या आधी नवे करायचे आहेत. ड्रॉइंग आमच्याकडे, खरादीचं, म्हणजे लेथवर कापायचं काम नागपूरच्या एका कारखान्यात. साहेबांनी सांगितलं की ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच पाहिजे. मशिनी तं इंग्रजांच्या काळातल्या, सगळ्या इंचातल्या. त्यांची मापं तुमच्याशिवाय कोण घेणार? ती तुम्ही घेऊन पाठवावी ही विनंती. माझं पहिलं मोठं काम हेच आहे. याच्यावरच सगळं ठरणार.

श्रीधर

·

पांढुर्णा
१६ ऑगस्ट १९८८

श्रीधरराव,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी शेठनं बोलावलं. मला वाटलं पगाराचं बोलणं काढते. तं म्हणे, "मुकुंद, तुझं ड्रॉइंग देखणं असते, पण ते तुला अन् खरादीवरच्या कवडूला सोडून कोणाला समजत नाही. यावेळी कॉम्प्युटरवरून करून पाहू. नीट झालं तं दिवाळीनंतर हे टेबल काढून इथे वजनकाटा ठेवता येईल." मी विचारलं, अन् मी? तं म्हणे, पाहू ना, गोदामात माणूस लागतेच.

समजलं? ज्या टेबलावर तुम्ही शिकले, ते टेबल तुमच्या मशीनमुळे जाऊन राहिलं. तुम्ही कायम झाले की मी सरकीची पोती मोजणार. अन् वरून तुम्हीच मला लिहिता, मापं पाठवा, विनंती! माणसाला जळवावं तरी किती?

पाठवून राहिलो. मालकानं सांगितलं म्हणून. सगळी मापं इंच-सुतात आहेत. मिलिमीटर तुमचं तुम्ही करा, मी करून देणार नाही. थंड हवेत बसून तेवढं तं करालच.

एक सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका की साडभावानं सांगितलं नाही. इथे कागदावर काही लिहिलं तरी कवडू जुना शाफ्ट खरादीच्या शेजारी ठेवते, बोटानं चाचपते, अन् त्याच्या बरोबरीनं नवा काढते. कागद आपला बोलण्यापुरता. तुमच्या नागपूरवाल्याला जुना शाफ्ट दिसणार पण नाही. तो कागदावर आहे तेच कापेल. अन् शाफ्ट जाड राहिला तं छिलता येते. बारीक झाला तं कापलेलं लोखंड परत कोणी चिकटवून देत नाही.

अक्षराचं खरं सांगितलं ते बरं केलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पोळ्याला मोहगावला सासुरवाडीत मामाजींकडे भेट होईलच.

मुकुंद

·

सौसर
१७ सप्टेंबर १९८८

आदरणीय मुकुंदभाऊ,

मोहगावला जे झालं त्याचं मला फार वाईट वाटून राहिलं. दरवर्षी पोळ्याला पहिला पाट तुमचा, थोरले जावई तुम्ही. मामाजींच्या मनात काय आलं कोणास ठाऊक. "या, कॉम्प्युटरवाले जावई" म्हणत त्यांनी मला हाताला धरून बसवलं. माझी चूक एवढीच की मी उठलो नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. इतकी वर्षं मी तुमच्या खालच्या पाटावर बसलो. मामाजी तुमच्याशी बोलायचे, मला वाढप्याकडे लक्ष ठेवायला सांगायचे. तुमच्या अक्षराचं कौतुक उषा पण माहेरच्यांसमोर करायची, माझ्यादेखत.

उद्या पांढुर्ण्याला गोटमार आहे, नदीवर दगड चालतील, बसा बंद होतील, असं सांगून तुम्ही अर्ध्या ताटावरून उठले, ते सगळ्यांना समजलं. पुरणपोळी तशीच राहिली. वंदनाताई मागे मोरीत जाऊन रडल्या. एक वेळ मला शिव्या द्या, पण त्यांच्यावर राग काढू नका.

आता कामाचं. सोबत शाफ्टच्या ड्रॉइंगची गुंडाळी बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. साहेबांचा नियम आहे की मशीन ज्याच्या हाताखालची, त्यानं एकदा ड्रॉइंग तपासून सही करायची, मगच ते नागपूरला जाईल. म्हणजे तुमची सही पाहिजे. माझी मान तुमच्या हातात आहे, मुकुंदभाऊ. तुम्हाला राग आहे हे माहीत असून पाठवून राहिलो, कारण दुसरं कोणी नाही.

श्रीधर

·

पांढुर्णा
२४ सप्टेंबर १९८८

प्रिय श्रीधरराव यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले ड्रॉइंग मिळाले. पाहून अत्यंत समाधान वाटले. रेषा स्वच्छ, अक्षर सुबक, मांडणी तर अतिउत्तम. आपली प्रगती पाहून ऊर अभिमानाने भरून आला. माझे काहीही म्हणणे नाही. सर्व ठिकाणी सही केलेली आहे.

मोहगावच्या प्रसंगाचा मनात राग ठेवू नये. आपण मानास पात्र आहात. आपली नोकरी लवकरच कायम होवो, ही सदिच्छा.

आपला,
मुकुंद

·

सौसर
४ ऑक्टोबर १९८८

मुकुंदभाऊ,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आनंदानं उषाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भात वेळून राहिली होती. "अतिउत्तम" ऐकून तिनं पातेलं खाली ठेवलं अन् म्हणाली, "हे भाऊजींनी लिहिलं? त्यांनी? आपल्या लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर बाबांनी विचारलं, जेवण कसं होतं? तं म्हणाले, पाणी थंड होतं. हा माणूस अतिउत्तम म्हणते? तुमचं काहीतरी चुकलं बघा."

मी तिच्यावर चिडलो. पण तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. खरंच, तुम्ही मला कधी चांगलं म्हटलं? मी तुमच्या टेबलापाशी होतो तेव्हा माझी रेघ सरळ आली तं तुम्ही पट्टीला शाबासकी द्यायचे. अन् हे पत्र शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. "आपण मानास पात्र आहात." तुम्ही असं बोलत नाही, मुकुंदभाऊ. पोळ्याला ताटावरून उठलेला माणूस दोन आठवड्यांत इतका गोड कसा झाला?

दुसऱ्या दिवशी कंपनीत तुमची मापं अन् माझं ड्रॉइंग शेजारी ठेवलं. पुलीची जागा. तुमचं माप दोन इंच पाच सूत. माझ्या कागदावर पासष्ट पूर्णांक आठ मिलिमीटर. हिशेब केला तं पाहिजे होते सहासष्टच्या वर. शाफ्ट जवळजवळ एक मिलिमीटर बारीक! पुली त्यात डुगडुगली असती. मग पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. जिथे जिथे सूत, तिथे तिथे चूक.

चूक कशी झाली सांगू? इंचाचे मी बरोबर पंचवीस पूर्णांक चार धरले. पण सुताचे तीन. हात तसाच वळला. सूत म्हणजे तीन मिलिमीटर. आठ सुतांचा एक इंच, आठ त्रिक चोवीस, मग वरचं गेलं कुठे, हा विचारच मनात आला नाही. अन् "सूत म्हणजे तीन" हे मी कुठे शिकलो? तुमच्या टेबलापाशी. "सूत म्हणजे तीन, बाकी कवडू पाहून घेते." तुमचेच शब्द. कवडूजवळ जुना शाफ्ट होता, म्हणून कधी बिघडलं नाही. मशीनजवळ कवडू नाही. त्याला मी जे दिलं ते त्यानं सुंदर अक्षरात लिहून दिलं.

म्हणजे पहिल्या नजरेत तुम्हाला दिसलं असणार. तुमचीच सवय तुम्ही ओळखणार नाही? तरी सही केली. आज कागद नागपूरला गेला असता, लोखंड कापलं गेलं असतं, हंगाम तोंडावर, अन् मी घरी बसलो असतो.

पहिले दोन दिवस वाटलं, पांढुर्ण्याला येऊन भर बाजारात तुमची कॉलर धरावी. मग साहेबांकडे गेलो. त्यांना सांगितलं, पांढुर्ण्याच्या तपासणाऱ्याला सुतांच्या मापांची शंका आली, मला पुन्हा पाहायला लावलं, चूक सापडली. साहेब दचकले. म्हणाले, इतकं बारीक कोणाला दिसलं? मी तुमचं नाव घेतलं.

तुमच्यावर उपकार केले असं समजू नका. खरं सांगितलं असतं तं साहेबांनी आधी मलाच विचारलं असतं, तू चुकीचं भरलंच कसं? तपासणीत सापडलेली चूक मात्र चालून जाते. माझी मान वाचली म्हणून तुमची वाचली. काल मला कायम केल्याचं सांगितलं.

अन् ऐका. इंचातल्या जुन्या मशिनींचं आणखी काम येऊन राहिलं. साहेबांना दुसरा माणूस पाहिजे, माझे आकडे रोज तपासायला. त्यांनी तुमचंच नाव काढलं. मी हो म्हटलं. का, ते पण सांगतो. आमच्या खोलीत सगळे माझं कौतुक करतात. माझा कागद समोर आला की पाहतात अन् "वा" म्हणतात. चूक कोणालाच दिसत नाही. माझ्यावर जळणारा माणूस पाहिजे मला. तो एकेक आकडा असा पाहील, जसा सासरचा माणूस सुनेचं निवडलेलं धान्य पाहते.

या, नाही तं नका येऊ. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

श्रीधर

·

पांढुर्णा
११ ऑक्टोबर १९८८

श्रीधर,

आज राव लावत नाही. राग आहे.

हाव, मला दिसलं होतं. गुंडाळी उलगडली अन् तो पासष्ट पूर्णांक आठ डोळ्यांत घुसला. आधी हसू आलं. मग आनंद झाला, बाप्पा, असा आनंद मला पोरगी झाली तेव्हा पण झाला नव्हता. म्हटलं, पडू दे याला. याचं मशीन पडू दे, याचा पाट पडू दे. सही केली अन् पत्र लिहिलं, इतकं शुद्ध लिहिलं की माझं मलाच नवल वाटलं. स्टेशनजवळच्या डाकपेटीत टाकलं. चार पावलं चाललो अन् परत फिरलो. पेटीच्या तोंडात हात घातला, मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना. पेटी खोलायला आलेला माणूस ओरडला, काय करून राहिले? म्हटलं, काही नाही, पत्र पडलं की नाही ते पाहून राहिलो. त्याच्याकडे मागितलं असतं तं त्यानं दिलं असतं. नाही मागितलं. तेवढी पण हिंमत नव्हती मला.

तुझं पत्र येईपर्यंत मी रोज शेठच्या फोनची घंटी ऐकून राहिलो. वंदनानं विचारलं, अंगात कसर आहे का? तिला अजून काही सांगितलं नाही. तू उषाला सांगितलं असशील. नसेल सांगितलं तं सांग, मला लपून राहायचं नाही.

पण तू हे काय करून ठेवलं? मला भर बाजारात धरलं असतं, मामाजींसमोर नाव घेतलं असतं, तं बरं झालं असतं. मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या, गोदामात पोती मोजली असती अन् मरेपर्यंत म्हटलं असतं की या श्रीधरनं माझं वाटोळं केलं. तेवढं तरी सुख मिळालं असतं. आता काय म्हणू? सगळ्या दुनियेत लोकांना डिग्री पाहून नोकरी देतात. मला तू जळतो म्हणून देऊन राहिला!

तू म्हणतो उपकार नाही केले. केले. तुझ्या जागी मी असतो तं साहेबांसमोर गुन्हेगार म्हणून नाव घेऊन मोकळा झालो असतो. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच राग येऊन राहिला.

शेठनं काल टेबल काढलं. शाफ्टचं काम अजून नागपूरला गेलं पण नाही, तरी काढलं. म्हणे, मुहूर्त चांगला होता. वजनकाटा आणून ठेवला त्या जागी. मी कोपऱ्यात उभा राहून पाहिलं. कवडूनं विचारलं, आता कुठे बसणार? मी सांगितलं, बोरगावला. सांगून झाल्यावर समजलं की मी येऊन राहिलो.

माझी एकच अट. तुझी चूक सापडली की मी लाल पेन्सिलीनं मोठी खूण करीन, साहेबांना खुर्चीत बसल्या बसल्या दिसेल इतकी. नाही सापडली तं गप्प बसीन. चांगलं म्हणणार नाही. ते माझ्याकडून होत नाही, कधी झालं नाही, अन् एकदा केलं तं काय झालं ते तू पाहिलं.

कायम झाला, त्याचं अभिनंदन लिहायला बसलो होतो. तीनदा लिहिलं अन् खोडलं. जळतो मी तुझ्यावर, श्रीधर. पहिले तुझ्या मशीनवर जळत होतो. आता तू जे केलं त्याच्यावर जळून राहिलो, अन् हे जास्त जाळते. मशीन तं चार महिन्यांत शिकून घेईन. असं मन कुठे शिकवतात?

सोमवारच्या पहिल्या बसनं निघतो. डबा घरून आणीन. उषाला सांग, माझ्यासाठी कणिक भिजवू नको.

मुकुंद